पुसायला सांगितलेल्या रेघा

माझ्या सुनेची अकोल्याची नोकरी होता होता राहिली, आणि ती माझ्यामुळे राहिली. लोक म्हणतात कॉम्प्युटरने घोळ केला. सून म्हणते चूक तिची. मी चौथी शिकलेली, कॉम्प्युटरला कधी बोटही लावलेलं नाही, म्हणून दोष माझा आहे हे मी सांगते तेव्हा कोणी खरं धरत नाही. तरी जसं झालं तसं लिहून ठेवते.

अमरावतीला आमचं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, पिंपं, चाळण्या, आणि उन्हाळा जवळ आला की कूलरची खोकी. नवरा पत्रा कापायचा आणि ठोकायचा. पत्र्यावर आखणी करायचं काम माझं. कापलेला पत्रा नुसता सपाट असतो. तो कुठून मोडायचा, म्हणजे दुमडून वळवायचा, ते रेघ सांगते. माप नवरा सांगे, रेघ मी ओढत असे. चौथीपर्यंतचं गणित त्याला पुरलं.

जस्ती पत्र्याचा एक नियम असतो. टोकदार सळईने रेघ ओढली की वरचं जस्त सोलून निघतं आणि एका पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. म्हणून सळईची रेघ आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूला खुणा करायच्या तर खडूने, आणि पत्रा मोडून झाला की रॉकेलच्या फडक्याने पुसून काढायच्या. गिऱ्हाईक कोठी घेताना तिच्यावरून हात फिरवतं. हाताला रेघ लागली की माल परत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी घाईत एका कोठीवर बाहेरून सळई ओढली होती. ती वलगावला गेली आणि पुढच्या दिवाळीला वरपासून खालपर्यंत तांबडा पट्टा घेऊन परत आली. चार माणसांसमोर नवरा गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे माह्या बायकोचं काम होय. मी असतो त असं झालं नसतं." माप त्यानेच उलटं सांगितलं होतं, म्हणून बाजू चुकली होती.  पण तेव्हापासून मला रेघ दिसली की हात फडक्याकडे जाई. चाळीसेक वर्षं मी रेघा ओढल्या आणि तितकीच वर्षं त्या पुसल्या.

नवरा गेल्यावर दुकान बंद झालं. मुलाने एमआयडीसीत शेड घेतली. तो गेट, ग्रिल, जिने करतो. पत्र्याचं बारीक काम त्याला येत नाही आणि आवडतही नाही. ते काम घरात परत आणलं ते सुनेने, तेही हातोडी न उचलता. ती अकोल्याची. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केलेली. अकोल्याच्या एका कारखान्यात डाळ मिलची यंत्रं बनतात. त्यांच्यासाठी ती घरी बसून कॉम्प्युटरवर नकाशे काढू लागली. त्याला कॅड म्हणतात. सहा महिने घरून काम पाहायचं आणि पसंत पडलं तर कारखान्यात नकाशांच्या खोलीची मुख्य म्हणून पक्की नेमणूक, असं मालकाने तिला सांगितलं होतं. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं, एवढं तिचं ठरून गेलं होतं. गाड्यांच्या वेळा तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. कपाट उघडलं की ती एकदा त्यांच्याकडे पाही.

तिचं काम मी पाहत बसे. मला ते कळायचं, याचं तिला नवल वाटे. पडद्यावर ती यंत्राचा भाग आधी पुरा मोडलेला, जसा तयार होणार तसा काढी. मग बटण दाबलं की तोच भाग उलगडून सपाट होई, आणि कुठे कुठे मोडायचा त्या रेषा त्यावर उमटत. आम्ही उलटं करायचो. आधी सपाट, मग मोड. पण गोष्ट तीच. कधी ती विचारी, "आई, एवढा काठ पुरेल का?" मी म्हणे, "बोटभर अजून घे. नाई त रिबिटाचा खिळा बसाचा नाई." ती घेई. गल्लीतल्या बायकांना मी सांगत असे की सून मला विचारल्याशिवाय रेघ ओढत नाही. ते काही खरं नव्हतं. ती दहातली एखादी गोष्ट विचारी.

सहा महिने भरायला महिनाभर राहिला असेल, तेव्हा एक दिवस तिने मला हाक मारली. डाळ मिलमध्ये तूर वरून ओततात त्या मोठ्या पेटीला हॉपर म्हणतात. त्याचं तयार चित्र पडद्यावर होतं. मालकाला ते गिऱ्हाइकांना दाखवायला पाहिजे होतं.

"पाहा बरं आई, कसं दिसते?"

"बाकी बरं हाय. पण ह्या रेघा कायच्या वं?"

"मोडीच्या आहेत. पत्रा जिथं वाकते ना, तिथं दाखवते तो."

"मोडून झाला ना पत्रा? मंग रेघ काहून राहिली? गिऱ्हाईक म्हणन, माल ओरखडला."

"आई, हे चित्र आहे. खरा पत्रा नाही."

"चित्रातबी आपला माल साफ दिसला पायजे. पूस त्या."

ती हसली. पडद्याच्या कडेला नावांची एक यादी उघडली. प्रत्येक नावापुढे मोहरीएवढा पिवळा बल्ब होता. एका बल्बावर तिने टिचकी मारली, तो काळवंडला आणि पेटीवरच्या सगळ्या रेघा गेल्या.

"आता?"

"आता दिसते माल."

"मंग हे कायमचंच करून ठेवते. नवीन काम सुरू केलं की असंच साफ येईल. तुमची कटकट नको मागं."

तिने कोरा साचा, ज्याच्यावरून ती प्रत्येक नवं काम सुरू करी, तो तसाच साठवून ठेवला. मालकाला चित्र आवडलं. मी दोन दिवस मिरवले.

तीन आठवड्यांनी सकाळी दहाच्या सुमारास मालकाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. सून बाहेरच्या खोलीत "हो सर, हो सर" म्हणत होती, आणि मग तेही थांबलं. मी बाहेर आले तर ती फोन कानाला लावून नुसती उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पत्रे सपाटच राहिले, आई."

झालं होतं ते असं. एका मोठ्या मिलच्या कामाचे नकाशे तिने पाठवले होते. कारखान्यात यंत्राने पत्रे कापले. कापणाऱ्या यंत्राला बाहेरची कड तेवढी लागते, त्यामुळे तिथे कोणाला काही जाणवलं नाही. मग पत्रे मोडायच्या मशीनवर गेले. तिथल्या कारागिराने कागद पाहिला. चौदा भागांच्या कागदांवर मोडीची एकही रेषा नव्हती. रेषा नाही म्हणजे मोड नाही, भाग सपाटच ठेवायचा, असा त्यांचा रिवाज. त्याने चौदाही भाग बाजूला सारले आणि ते रंगाला गेले. रंग भट्टीत भाजून निघाला. जोडायची वेळ आली तेव्हा कळलं की पेटीच्या बाजू म्हणून आलेल्या पत्र्यांना काठच नाहीत. रंगवलेला पत्रा मोडला की रंग फुटतो. तुरीचा हंगाम तोंडावर होता आणि मिलवाला रोज फोन करत होता.

सून दोन दिवस त्या रेषा शोधत बसली. आधी तिला वाटलं प्रिंटर खराब आहे, फिकट रंगाच्या रेषा उमटवत नाही. तिने सगळ्या रेषा काळ्या केल्या आणि चौकातल्या दुकानातून छापून आणल्या. कागदावर बाहेरची कड आली, भोकं आली, मोडीच्या रेषा नाहीत. मग तिने रेषा जाड केल्या. तरी नाहीत. मग तिला शंका आली की तो भाग यंत्राला पत्रा म्हणून कळलाच नाही, नुसता ठोकळा म्हणून कळला. तसं असेल तर मोड येणारच नाही. पाहिलं तर तेही बरोबर होतं. मोडलेला भाग पडद्यावर नीट मोडलेला दिसे, उलगडला की नीट उलगडे. नकाशाच्या कागदावर ठेवला की रेषा गायब. तिने तो कागद पुसून पुन्हा मांडला. चारदा मांडला. जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलगा शेडवरून आला आणि बूट न काढताच सुरू झाला. "सहा महिने झाले शिकून राहिली. पाठवाच्या आंधी एकखेप पाहाले काय झालं होतं? अकोल्यात अर्धी एमआयडीसी मले ओळखते. आता काय तोंड दाखवू त्यायले?"

शेजारची बाई कढीपत्ता मागायला आली होती. तिच्यासमोर हे चाललं होतं. मी मध्ये पडायला हवं होतं. पडलेही, पण भलत्या बाजूने. म्हणाले, "आमी अंगणात बसून हातानं रेघा ओढल्या. एक कोठी परत नाई आली. अन् हिले यंत्र असून रेघ सापडून नाई राहिली."

एक कोठी परत आली होती, हे मी वर लिहिलंच आहे.  शेजारची कढीपत्ता घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीला कळलं.

त्या वेळी माझा संबंध आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. ते कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. सुनेने तिच्या जुन्या सरांना फोन लावला होता आणि हात मोकळे राहावे म्हणून त्यांचा आवाज मोठा केला होता. मी पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होते. सर म्हणाले, "एखादा थर बंद असेल, पाहा."

"मी कशाला बंद करीन, सर?"

"अगं, चुकून होतं. काचेवर काच ठेवल्यासारखे थर असतात. बल्ब बंद असला की त्या काचेवरच्या रेषा असतात पण दिसत नाहीत. तुझ्या कोऱ्या साच्यातच बल्ब बंद असला, तर त्यावरून काढलेलं प्रत्येक काम तसंच येईल."

माझा हात शेंगेवरच थांबला. तो बल्ब मी पाहिला होता. तो काळवंडताना पाहिला होता. मी पुस म्हटलं म्हणून तो बंद झाला होता. चित्रावरच्या रेघा आणि मोडायच्या रेषा एकाच थरावर असतील हे मला कुठून कळणार, असं मी मनाशी म्हणाले. पण ते तेव्हापुरतं. आता तर कळलं होतं. चार पावलांवर ती बसली होती. "अवं, मी पुसाले लावल्या होत्या त्या," एवढं म्हणायचं होतं. आदल्या दिवशी जे बोलून बसले होते ते गिळावं लागलं असतं, शेजारणीसमोरसुद्धा. मी शेंगा सोलत राहिले.

संध्याकाळी तिने सांगितलं, "आल्या रेषा. नवीन कागद पाठवले."

मुलाने विचारलं, "काय होतं?"

"एक थर बंद राहिला होता."

"कोणं केला बंद?"

"मीच."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाटलं, विसरली. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं.

मालकाने तिला तिसऱ्या दिवशी अकोल्याला बोलावलं. सकाळी वेणी घालता घालता ती म्हणाली, "आई, तुमी चाला माह्यासंग. तुमाले पत्रा समजते. ते चौदा पत्रे काही करून वाचले त बरं होईल."

मी गेले. बसमध्ये ती सगळा वेळ कागद चाळत होती. प्रत्येकावर तिने मोडीच्या रेषांवर हाताने लाल पेन फिरवलं होतं.

कारखाना मोठा होता. मालक चाळिशीचा, हातात किल्ल्या खुळखुळवत बोलायची सवय असलेला. पत्रे भिंतीला टेकवून ठेवले होते, निळा रंग, नवे कोरे. मोडायच्या मशीनवरचा कारागीर शेजारीच उभा होता. त्याने सुनेला पाहताच सुरू केलं. "मॅडम, कागदावर लाइनच नाही त मी काय मनानं मोडू? उद्या म्हणसान, तुले कोणं सांगतलं होतं मोडाले?"

"तुमचं बरोबर आहे, भाऊ," सून म्हणाली. "चूक माझी आहे."

मी पत्र्यांवरून हात फिरवला. कडेपासून दोन बोटांवर भोकांची रांग होती. कडेला अशी भोकं सपाट पत्र्याला कोणी पाडत नाही. ती काठ वळवून जोडायलाच असतात. कागद नसता तरी मी ओळखलं असतं. पत्र्यात आयुष्य काढलेल्या कोणीही ओळखलं असतं, त्या कारागिरानेही. हेही तिथे बोलायला पाहिजे होतं आणि नाही बोलले. बोलले ते दुसरंच. म्हणाले, "मोडीच्या जागेवरचा एवढा पट्टा रंग खरवडून काढा. लाकडावर धरून हलक्या हातानं काठ वळवा. मंग तेवढ्या पट्ट्याले पुन्हा रंग द्या. फेकाचं काम नाई."

मालकाने किल्ल्या थांबवल्या. कारागिराकडे पाहिलं. कारागीर म्हणाला, "होईन. टाइम लागन, पण होईन."

"वा मावशी," मालक म्हणाला. "इथं तीन दिवसापासून आमी डोकं धरून बसलो." त्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली. पाच-सहा माणसं गोळा झाली. त्यांनी मला माझ्या दुकानाचं विचारलं, कोठ्यांचं विचारलं. नवरा असताना मी अंगणात बसून काम केलं. अशा जागी, कारागिरांच्या मधोमध, खुर्चीवर बसवून मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. ते डोक्यात गेलं. असंच म्हणावं लागेल.

मग मालकाने हसत विचारलं, "आता तुमीच सांगा मावशी. जुन्या कारागीर तुमी. चूक कोणाची?"

सून माझ्या डाव्या हाताला उभी होती. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "आमी हातानं रेघ ओढे, त ध्यान राहे. आता यंत्र ओढते अन् माणूस पाहत नाई. ह्या पोरीयले घाई भल्ली."

"ऐकलं का मॅडम?" मालक म्हणाला. "हे त घरचंच सर्टिफिकेट झालं."

सगळे हसले. कारागीरही हसला, त्याची सुटका झाली होती. सूनही हसली, म्हणजे ओठ हलवले तिने. मग मालकाने तिला बाजूला नेऊन काही सांगितलं. मी चहा पीत होते.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती कागदांची गुंडाळी मांडीवर धरून बसली. तिथे बस बराच वेळ थांबली. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पक्कं करायचं आता पाहू म्हणाले. दुसरा माणूस पाहून राहिले ते."

मी म्हणाले, "करतीन. पत्रे त वाचले ना."

"आई, तो बल्ब तुमच्यासमोर बंद केला होता मी. कशासाठी केला तेही आठवते मले. सरांनी थर म्हटलं तेव्हाच आठवलं. तुमचा शेंगा सोलायचा आवाज बंद झाला, तेव्हा समजलं की तुमालेही आठवलं."

मी पिशवीचा बंद आवळत बसले.

"तुमचं नाव मी घेणारच नव्हती," ती म्हणाली. "बटण माह्या हातानं दाबलं. पाठवायच्या आधी पाहायचं कामही माह्यंच. ते मी त्यायले म्हटलं. पण तुमी त्यायच्या बाजूनं बोलायची काय गरज होती? चूप राह्यलं असतं तरी चाललं असतं."

 बस सुटली. अमरावती आल्यावर ती म्हणाली, "उतरताना दांडा धरा," आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. तेवढंच.

आठ दिवसांनी कारखान्यातून निरोप आला. खामगावचा एक माणूस घेतला होता. सुनेने कपाट उघडलं आणि गाड्यांच्या वेळांचा कागद काढून टाकला. चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते, ते नखाने खरवडत ती बराच वेळ उभी होती.

मग मी एक काम केलं आणि तेही धड झालं नाही. घरी सांगितलं, बहिणीकडे जाते, आणि एकटीच अकोल्याला त्या कारखान्यात गेले. मालकाने ओळखलं. खुर्ची दिली. मी बसले नाही. म्हणाले, "त्या रेघा मी पुसाले लावल्या होत्या. पोरीची चूक नाई. चित्रावर रेघ दिसली म्हणून मीच म्हटलं, पूस. तिनं माह्यं मन ठेवाले बंद केलं अन् ते तसंच राहून गेलं. तिची जागा तिले द्या."

मालकाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, "मावशी, तुमी कितवी शिकल्या?"

"चौथी."

"अन् तुमी कॅडमधला थर बंद केला?"

"मी नाई केला. करायले लावला."

त्याने खिडकीतून मशीनवरच्या कारागिराला हाक मारली. "ये इकडे, पाह्य! सासू असावी त अशी. सुनेसाठी आपल्या डोक्यावर घेऊन राहिली." कारागीर आला, त्याने मला हात जोडले. म्हणाला, "माह्या बायकोले दाखवाले पायजे तुमाले. तिची सासू त तिले पाण्यात पाह्यते." मी पुन्हा सांगितलं. बल्बाचं सांगितलं, पिवळा होता तो काळा झाला, सगळं. जितकं नीट सांगावं तितके ते जास्त खूश होत होते. मालक म्हणाला, "सुनेनं चांगलं पढवलं तुमाले. बरोबर सांगून राहिल्या." त्याने माझ्यासाठी समोसा मागवला. दाराशी सोडायला आला तेव्हा म्हणाला, "त्या दिवशी तुमी खरं बोलल्या होत्या. तेच ध्यानात ठेवतो मी. आता माणूस घेतला, त्याले कसा काढू?"

घरी आले तोवर त्याने सुनेला फोन केलेला होता. ती दारातच होती. आवाज चढवला नाही तिने. ती चढवत नाही.

"काहून गेल्या तिथं? ते म्हणतात, सासूले शिफारशीले पाठवलं मी. शिकवून पाठवलं म्हणतात."

"मी खरं सांगाले गेलती."

"खरं सांगायची जागा ती नव्हती आता. घरात कोणाले सांगितलं तुमी?"

कोणालाच नव्हतं सांगितलं. मुलगा अजून बायकोला टोचून बोलत होता. कोणी शेडवर कामाचं विचारलं की म्हणे, "नकाशा आमच्या घरचा नका घेऊ बाप्पा, रेघा गायब होतात." लोक हसत. मी ऐकत होते. अकोल्याला जाऊन परक्या माणसांना सांगणं मला सोपं गेलं. घरात तीन माणसं, तिथे जड गेलं.

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसलो तेव्हा सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. चित्र, बल्ब, शेंगा, खुर्ची, मी काय बोलले ते. मुलाचा घास हातातच राहिला. तो बायकोला म्हणाला, "तू काहून नाई सांगितलं मले?"

"तुमी विचारलं कोणं बंद केला. मी केला होता."

तो मग माझ्याकडे वळला. "अन् मी हिले एवढ्या दिवसापासून जे बोलून राहिलो ते?"

"ते परत घे," मी म्हणाले.

"कसं परत घेऊ? गावभर सांगितलं ना मी."

मलाही माहीत नव्हतं कसं. तो हात धुऊन उठला. ताटात अर्धी भाकर तशीच. शेडवर आता तो तिच्याबद्दल काही बोलत नाही. चांगलंही बोलत नाही, एवढंच की बोलत नाही.

शेजारणीकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. तिला सांगितलं की त्या दिवशी सुनेला जे बोलले ते खोटं होतं, रेघा माझ्यामुळे गेल्या, आणि वलगावची कोठी परत आली होती. तिला कोठीचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, कोणाच्या ध्यानात हाय ते." सगळ्यांच्या ध्यानात आहे. मला माहीत आहे.

सून आता अमरावतीतल्याच एका कूलरवाल्याचे नकाशे काढते. काम लहान आहे, तीच तीच खोकी. अकोल्याचं नाव काढत नाही. माझ्याशी नीट वागते, औषध वेळेवर देते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच नेते. कोणी पाहुणं आलं आणि म्हणालं की सून लाखात एक मिळाली, तर मी हो म्हणते आणि उठून आत जाते, कारण पुढचं वाक्य असतं की सासूही तशीच आहे.

माफी मागितली का, असं कोणी विचारेल. मागितली. तिने कणीक मळता मळता ऐकलं आणि "बरं" म्हणाली. त्याचा अर्थ माफ केलं असा मी धरलेला नाही. तिने तसं म्हटलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.